चाळीस जण ‘येतो’ म्हणाले, येणार किती?

पत्राचा सारांश: तालुक्याच्या एका गावाहून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय 31, कराटेत सेकंड डॅन, म्हणजे ब्लॅक बेल्टची दुसरी पायरी. नवव्या वर्षी ज्या सरांच्या वर्गात पाऊल टाकलं, त्यांच्याकडेच गेली आठ वर्षं त्या लहान मुलांच्या बॅच घेतात. महिन्याला 6,000 रुपये मिळतात. वडिलांचं हातावर पोट होतं तेव्हा सरांनी चार वर्षं त्यांची फी घेतली नव्हती. आज मुलं बहुतेक त्याच सांभाळतात. बेल्टच्या परीक्षा, स्पर्धा आणि पैसे मात्र सरांच्या हातात. ‘मॅडम, तुम्ही स्वतःचा क्लास काढा, आम्ही येतो,’ असं म्हणणारे चाळीस पालक त्यांनी मोजले आहेत. बाजारपेठेत 25 बाय 20 फुटांचा हॉल महिना 15,000 रुपयांनी मिळतो आहे. यजमानांनी एक वर्षाची मुदत दिली आहे. एक संघटना 35,000 रुपयांत थर्ड डॅन आणि ‘जिल्हा मुख्य प्रशिक्षक’ हे पद द्यायला तयार आहे. आणि सहा वर्षांपूर्वी सरांनी बाँडपेपरवर सही घेतली आहे, की सोडून गेल्यावर पाच वर्षं दहा किलोमीटरच्या आत वर्ग काढणार नाही. त्या विचारतात : ‘सरांना सोडलं तर मी कृतघ्न ठरेन का? आणि नाही सोडलं, तर जन्मभर दुसऱ्याच्या वर्गात इची-नी-सान, जपानी एक-दोन-तीन, मोजत उभी राहू का?’

प्रिय ताई,

तुमचं पत्र चार पानांचं आहे. त्यातली तीन पानं सरांवर आहेत आणि भाडं, फी, मुलं हा सगळा कारभार अर्ध्या पानात उरकलाय. मी उलट्या क्रमाने जाणार आहे. सरांचा प्रश्न अवघड आहे, पण तो एका संध्याकाळी सुटेल. भाड्याचा प्रश्न दर महिन्याच्या एक तारखेला दारात उभा राहील.

मी स्वतः सोळा वर्षं एका शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये कराटेचा वर्ग चालवला. गुडघ्यांनी राजीनामा दिला म्हणून लिहायला बसलो. त्यामुळे खाली जे येईल त्यात थोडं शहाणपण आणि बरीचशी ठेच आहे.

आधी ते चाळीस पालक. ‘तुम्ही काढा, आम्ही येतो’ हे वाक्य पालक फाटकाशी, स्कूटर चालू ठेवून म्हणतात. ते खोटं बोलत नाहीत, त्या क्षणी त्यांना खरंच तसं वाटत असतं. पण नवा हॉल ट्यूशनच्या उलट्या दिशेला निघतो, आजोबांना सोडायला जमत नाही, पोराचा मित्र जुन्याच वर्गात राहतो. चाळीसातले पंधरा-अठरा आले तर तुमचं नशीब चांगलं म्हणायचं. अठरा धरू. तुम्ही 700 रुपये फी लिहिली आहे. 18 गुणिले 700 म्हणजे 12,600. भाडं 15,000. वीज, झाडलोट, पाण्याचे जार अजून मोजलेच नाहीत. पहिल्या दिवशी नारळ फोडतानाच तुम्ही तोट्यात आहात आणि तुम्हाला ते माहीत नाही.

बरं, चाळीसच्या चाळीस आले असं समजा. 25 बाय 20 म्हणजे 500 चौरस फूट, मीटरमध्ये साधारण 46 चौरस मीटर. एका मुलाला शेजाऱ्याला न लागता किक मारायची तर दोन मीटर बाय दोन मीटर जागा हवी. म्हणजे अकरा मुलं. सात-आठ वर्षांची चिमुरडी असली तर दाटीवाटीने पंधरा. हेइआन शोदान ही सुरुवातीची काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, तुम्ही रोज घेता, तुम्हाला सांगायला नको : तीन आगे-उके, म्हणजे डोक्यावरचे बचाव, झाले की मागून फिरून वळायचं असतं, आणि नव्या बॅचमधली निम्मी पोरं हमखास उलट्या बाजूला वळतात. मग दोघं समोरासमोर येतात, एकाची मूठ दुसऱ्याच्या नाकाशी. मोठ्या पटांगणात हे हसण्यावारी जातं. त्या हॉलमध्ये जाणार नाही. चाळीस मुलं म्हणजे तीन बॅच, आणि तिन्ही बॅचना उभ्या तुम्ही एकट्या.

म्हणून माझं पहिलं म्हणणं : तो हॉल घेऊ नका. निदान पहिलं वर्ष नको. तुम्हाला वाटतंय की स्वतःचा वर्ग म्हणजे स्वतःची पाटी लावलेली जागा. गिचिन फुनाकोशी 1922 मध्ये जपानच्या ओकिनावा बेटावरून टोकियोला कराटे घेऊन गेले तेव्हा पन्नाशी ओलांडलेले शिक्षक होते. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहिले, दिवसा तिथली झाडलोट आणि बागकाम केलं, तिथेच शिकवलं. स्वतःची वास्तू उभी राहायला पुढे दहाहून जास्त वर्षं लागली. तुम्ही झाडू मारा असं मी म्हणत नाही. पण वर्ग आधी आणि पाटी नंतर, हा क्रम काही कमीपणाचा नाही.

तुमच्या गावात संध्याकाळी साडेपाचनंतर रिकाम्या पडणाऱ्या शाळा असतीलच. आठवड्याला तीन दिवस दोन तास असा हॉल किंवा शेड मागा आणि देखभालीपोटी ठरावीक रक्कम द्या. मात्र मुख्याध्यापकांच्या तोंडी परवानगीवर जाऊ नका. मुख्याध्यापक निवृत्त होतात, बदलतात. शिक्षणसंस्थेचं पत्र घ्या, त्यात दिवस, वेळ, रक्कम आणि सामान ठेवायची खोली लिहून घ्या. मंगल कार्यालयवाला स्वस्तात द्यायला तयार असतो. पण लग्नसराईत तुमचा वर्ग महिन्यातून आठ वेळा बुडेल आणि एप्रिल-मे हेच तर नव्या मुलांचे दिवस. वार्षिक परीक्षा संपल्या की पंधरा दिवसांचं उन्हाळी शिबिर घ्या. शिबिराला येणारी सगळी टिकत नाहीत, पण जूनमध्ये जी परत येतात ती खरी तुमची. आणि हिशेब बारा महिन्यांचा धरू नका. मे महिन्यात पोरं मामाच्या गावाला, दिवाळीत तीन आठवडे सुट्टी, मार्चमध्ये परीक्षा. मी नऊ महिन्यांचं उत्पन्न धरायचो आणि बारा महिन्यांचा खर्च. तरी कधी कधी चुकायचं.

तरीही पुढेमागे भाड्याची जागा घ्याल, तेव्हा एवढं लक्षात ठेवा : महाराष्ट्रात भाडेकरार अकरा महिन्यांचा असला तरी लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ती नोंदणी करून घेणं ही मालकाची जबाबदारी आहे. ‘कशाला खर्च करता, साध्या कागदावर करू’ म्हणणाऱ्या मालकाला नमस्कार करून बाहेर पडा. खालच्या मजल्यावर कोण आहे तेही बघा. तीस पोरांची किआई, म्हणजे फटक्याबरोबरची आरोळी, रोज संध्याकाळी डोक्यावर ऐकणारा डॉक्टर पहिल्या आठवड्यातच जिना चढून येतो.

कागदपत्रांचं ओझं तुम्हाला वाटतंय तेवढं नाही. एक-दोनच माणसं कामाला असतील तर शॉप ॲक्टखाली ऑनलाइन माहिती देऊन काम भागतं. लहान उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणारा एजंट तुम्हाला लुबाडतोय. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत आहे तोवर जीएसटीची नोंदणी लागत नाही. तशी वेळ आली तर मला पेढे पाठवा. फीसाठी वेगळं बँक खातं मात्र पहिल्या दिवशी उघडा आणि क्यूआर कोड त्याच खात्याचा लावा. घरातल्या किराण्याचे आणि वर्गाचे पैसे एका खात्यात आले की वर्ग चालतोय की घर वर्गाला चालवतंय, हे कळेनासं होतं. संस्था-बिंस्था नोंदवायच्या भानगडीत आत्ता पडू नका. सात सभासद लागतात, धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी हिशेब, आणि तिसऱ्या वर्षी अध्यक्षपदावरून भाऊबंदकी.

फीबद्दल बोलायला हवं, कारण तुमच्या पत्रात एक वाक्य आहे : ‘पैसे मागायला मला लाज वाटते, सरांनी माझ्याकडून कधी मागितले नाहीत.’ आपल्याकडे तालमीत वस्ताद फी मागत नसे, हे खरं. पण तेव्हा खर्च दुसरं कुणीतरी उचलत होतं. कोल्हापुरात कुस्तीमागे शाहू महाराज उभे होते. 1912 मध्ये खासबागेचं मैदान उभं राहिलं ते राजाश्रयातून. गावोगावच्या तालमी वर्गणीवर आणि एखाद्या दानशूराच्या खुराकावर चालल्या. तुमच्यामागे महाराज नाहीत, यजमानांनी दिलेली एक वर्षाची मुदत आहे. आणि तुमच्या सरांनी तुमची फी घेतली नाही, ती इतरांची घेतली म्हणून. महिन्याच्या एक ते पाच तारखेत फी, हा नियम प्रवेशाच्या अर्जावरच छापा. ‘दोनच दिवस आला, अर्धी घ्या’ म्हणणाऱ्यांना हसून नाही म्हणा. फुकट किती मुलं शिकवायची तो आकडा मात्र आधी ठरवा, दहात एक म्हणा. त्या मुलाचं नाव तुमच्या वहीशिवाय कुणालाही कळता कामा नये. तुम्ही त्या जागी उभ्या राहिला आहात, का ते मी सांगायला नको.

आता थर्ड डॅन. पस्तीस हजार वाचवा.

डॅन ही पद्धत मुळात ज्युदोच्या जिगोरो कानोंची. फुनाकोशींनी ती कराटेत आणली आणि 1924 मध्ये पहिले ब्लॅक बेल्ट दिले. पहिल्या डॅनला ‘शोदान’ म्हणतात, त्यातला ‘शो’ म्हणजे सुरुवात. तुमच्या फाटकाशी उभ्या असलेल्या पालकाला सेकंड आणि थर्डमधला फरक कळत नाही. त्याला एवढंच दिसतं की पोरगं वर्गाला यायला रडतं की स्वतःहून ड्रेस घालून बसतं. या खेळाच्या आपल्याकडे इतक्या संघटना झाल्या आहेत की एका जिल्ह्यात तीन-तीन ‘मुख्य प्रशिक्षक’ सापडतील. एखाद्या संघटनेची संलग्नता लागेलच, मुलं स्पर्धेत उतरवायची तर. पण ती घेण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा की शालेय स्पर्धेत कोणत्या मार्गाने उतरता येतं आणि कोणत्या स्पर्धेचं प्रमाणपत्र ग्राह्य धरतात. पालक दहावीला खेळासाठी मिळणारे वाढीव गुण आणि सरकारी नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण यांबद्दल विचारणारच. प्रमाणपत्रांची पडताळणी होते आणि चकचकीत फॉइलचं प्रमाणपत्र तिथे उपयोगाचं नसतं. ऑलिंपिकबद्दलही विचारतील. कराटे टोकियोच्या खेळांत होतं, पॅरिसमध्ये नव्हतं. खरं ते सांगा. एखाददुसरा प्रवेश जाईल, जाऊ द्या.

यातूनच बेल्टच्या परीक्षेचा विषय निघतो आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण वर्ग इथेच बिघडतात. परीक्षेची फी हे वर्गाचं मोठं उत्पन्न असतं. भाडं थकलं की परीक्षा लवकर घ्यावीशी वाटते. मी घेतली आहे. एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर पैशाची चणचण होती, तर फेब्रुवारीची परीक्षा नोव्हेंबरात ओढली. दहा वर्षांचा एक मुलगा होता, हेइआन निदान या पुढच्या कातामधली बाजूची किक आणि मूठ त्याला एकत्र जमायचीच नाही. किक गेली की हात खाली पडायचा. मी त्याला पास केला. टाळ्या झाल्या, आईने फोटो काढला, त्याने नवा पट्टा घडी करून दप्तरात ठेवला. पुढच्या सोमवारी तो जुनाच पट्टा बांधून आला. मी विचारलं तर खाली बघत म्हणाला, ‘सर, मला ती किक अजून येत नाही ना.’

त्या दिवसानंतर मी परीक्षेच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच फळ्यावर लिहू लागलो, म्हणजे मधे माझी नियत फिरली तरी तारीख फिरणार नाही. नापासाकडून दुसऱ्यांदा फी घ्यायची नाही, हाही नियम केला. असं केलं की पैशासाठी नापास करतात हा संशय उरत नाही, आणि पैशासाठी पास करायचा मोहही कमी होतो. परीक्षेचं उत्पन्न घरखर्चात धरू नका. ते मॅट, पॅड आणि फुकट शिकणाऱ्या मुलाचा ड्रेस यांत घाला.

तुमच्या पत्रात तुमच्या पदकांचा उल्लेख सात वेळा आहे, तुम्ही शिकवलेल्या एकाही मुलाचा नाही. रागावू नका. चांगलं खेळणं आणि चांगलं शिकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वर्ग चालवणं ही तिसरी. तुमच्या वर्गाची चूल पेटवणार आहे ती शेवटच्या रांगेतली, पट्ट्याची गाठ धड बांधता न येणारी व्हाइट बेल्टची पोरं. त्यांच्यात तुमचा जीव रमतो का? संध्याकाळी साडेपाचला, सव्वीसाव्यांदा, ‘डावा पाय पुढे’ सांगताना? खरं उत्तर ‘नाही’ असेल तर त्यात पाप नाही. मग दुसरी वाट बघा. शाळांना करारावर प्रशिक्षक लागतात; समग्र शिक्षा योजनेतून मुलींच्या स्वसंरक्षणाचं तीन महिन्यांचं प्रशिक्षण शाळांत होतं, त्याला महिला प्रशिक्षक हव्याच असतात. तिथे भाडं नाही, फीची वही नाही. अशा प्रशिक्षणात एवढंच करा, की तीन महिन्यांत कुणीही कुणालाही लोळवेल असली आशा मुलींना विकू नका. ओरडायचं कसं, पळायचं कुठे, घरी सांगायचं कुणाला, हे त्यातलं निम्मं शिक्षण आहे.

मुलांच्या सुरक्षिततेची व्यवस्था पहिल्या दिवसापासून हवी, ‘वर्ग वाढला की बघू’ नको. दार उघडं, पालकांना बसायला बाक, एकट्या मुलाला थांबवून ‘खास सराव’ नाही, आणि मदतीला घ्याल त्या मोठ्या मुलांनाही हाच नियम. डोक्याला लागून उलटी किंवा गरगर झाली तर त्या दिवसापुरता खेळ संपला आणि थेट दवाखाना. पोरगं ‘मी बरा आहे’ म्हणालं तरी. एखाद्या मुलाकडून त्याच्यावरच्या लैंगिक अत्याचाराबद्दल कळलं, तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं तुम्हाला बंधनकारक आहे. ‘आधी घरच्यांना विचारते’ असं म्हणत तिथे थांबता येत नाही. 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर भिंतीवर लावून ठेवा, मुलांच्या नजरेच्या उंचीवर.

आता सर.

त्या बाँडपेपरला घाबरू नका. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं 27 वं कलम सांगतं की कुणाला आपला धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो, आणि काम सोडल्यानंतरची अशी बंदी आपल्याकडची न्यायालयं सहसा मान्य करत नाहीत. कागद एकदा वकिलाला दाखवा, पाच मिनिटांचं काम आहे. पण त्या कागदात नसलेल्या काही गोष्टी तुम्ही पाळा. सरांचं रजिस्टर, पालकांचे नंबर, वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप यातलं काही उचलू नका. त्यांच्याकडे पगार घेत असताना पालकांशी नव्या वर्गाचं बोलू नका. ते चाळीस मोजलेत तेवढे पुरे. ज्यांना यायचंय ते तुम्हाला शोधत येतील. गाव केवढं आहे!

कृतघ्नतेचं म्हणाल, तर तुम्ही एक गृहीत धरून चालला आहात : सरांचं ऋण तुम्ही त्यांच्या वर्गात राहूनच फेडू शकता. आठ वर्षं 6,000 रुपयांत तुम्ही त्यांच्या वर्गाचा कणा झालात. हिशेब मिटला असं मी म्हणणार नाही, असे हिशेब मिटत नसतात. पण सरांनी त्या वेळी फी सोडली ती पुढे स्वस्तात माणूस मिळावं म्हणून, असं तुम्हाला तरी वाटतं का? नाही ना? मग तुम्ही ते तसं का फेडताय?

शिवाय मधली एक वाट तुम्ही विचारातच घेतलेली नाही. सरांचं वय तुम्ही लिहिलंय, 63. गावाच्या दुसऱ्या टोकाला त्यांच्याच नावाची शाखा तुम्ही चालवायची, उत्पन्नातला ठरलेला वाटा त्यांना, परीक्षा त्यांच्या देखरेखीखाली. त्यांना उत्तराधिकारी मिळतो, तुम्हाला नाव आणि परीक्षक. धोका एकच, तोंडी बोलण्यावर सुरू कराल आणि दोन वर्षांनी ‘मुलं कुणाची’ यावरून बिनसेल. वाटा किती, परीक्षेच्या फीतला कुणाचा किती, वेगळं व्हायचं ठरलं तर मुलांनी कुठे जायचं, हे तीन मुद्दे कागदावर नसतील तर शाखा नको. सरळ वेगळ्या व्हा. मला विचाराल तर आधी शाखेचं विचारून बघा. ते नाही म्हणाले तर तुमचं मन मोकळं, आणि उद्या गावात काही बोललं गेलं तर तुम्ही आधी त्यांच्याकडे गेला होता हे त्यांनाही माहीत असेल.

एक महिना आधी सांगा, म्हणजे त्यांना तुमच्या बॅचना माणूस बघता येईल. परीक्षेच्या किंवा स्पर्धेच्या दिवशी नको. गुरुपौर्णिमेला तर मुळीच नको, ते नाटकी होईल. यजमानांनाही बरोबर नेऊ नका, नाहीतर बोलणं व्यवहाराचं होतं. नेहमीसारखा वर्ग घ्या, मुलं गेली की मॅट गोळा करायला लागा. सर दुसऱ्या टोकाने मॅट उचलतीलच, इतकी वर्षं उचलतायत. तेव्हा बोला.